नानांच्या बॉनेटची फट

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरात काही बिघडलं तर मी माणूस बोलवत नाही. मीच माणूस आहे! आमच्या हिचं म्हणणं असं, की मी हात लावल्यावर एकाच्या जागी दोन माणसं बोलवावी लागतात. म्हणू दे. बायकोचं ऐकून कुणी मोठा झालाय?

तर, गाडी. ती माझी नाही, सासऱ्यांची. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. नानांची उभी हयात बँकेचे लॉकर सांभाळण्यात गेली, त्यामुळे त्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली आणि प्रश्न उभा राहिला, की गाडी कुठल्या जावयाला द्यायची? मला, की माझ्या साडूला? साडू हळू आवाजात बोलतो आणि त्याच्या घरातला एकही नळ गळत नाही. असल्या माणसांची मला भयंकर चीड आहे!

थोरल्या लेकीकडे, म्हणजे साडूकडेच, दोन महिने राहायला जाताना नानांनी गाडी माझ्या ताब्यात दिली. म्हणाले, "चालती ठेवा. परत आलो की ठरवू, कुणाला द्यायची ते."

म्हणजे परीक्षाच की! मी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि मला दोष सापडला. बॉनेट डावीकडून उचललेलं होतं. करंगळी आरामात आत जाईल एवढी फट! त्यातून धूळ आत जायची, पाणी आत जायचं आणि जरा वेग घेतला की खडखड खडखड सुरू.

गॅरेजवाल्याला सहज दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, अर्धा तास गाडी ठेवून जा. फट का पडलीय ते बघतो."

"का पडलीय ते कशाला बघायचं? पडलीय ना? मग बुजवायची!"

हार्डवेअरच्या दुकानातून मी दहा मीटर रबरी पट्टी घेतली. पट्टीला मागून चिकटपट्टी होतीच, पण तिच्यावर कोण विसंबणार? म्हणून गमची मोठी ट्यूबही घेतली.

दुकानदार म्हणाला, "ह्या गमनं एकदा धरलं की सोडत नाही बरं का!"

"मग, सोडायला घेतोय का मी?"

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. आत इंजिन, बॅटरी, नळ्या, वायरी आणि डाव्या कोपऱ्यात कडेलाच तारेनं बांधलेली एक काळी डबी. असेल काहीतरी, गाडी बनवणाऱ्यांनी विचार करूनच बसवली असणार. जरा हलत होती, म्हणून तिलाही गम लावला. झाकणासकट! काम कसं चोख पाहिजे. मग चारी बाजूंनी पट्टी, पट्टीखाली गम, आणि मन भरेना म्हणून पट्टीवरूनही गम.

बॉनेट काही मिटेना. मी दाबलं, आपटलं, शेवटी वर चढून बसलो. तरी नाही!

"अगं, ये, तूही बस," मी हिला म्हटलं.

"मी? गाडीवर? सगळी बिल्डिंग बघतेय!"

"गाडी पाहिजे ना? मग बस!"

बसली बिचारी. वरच्या गॅलरीतून शेजारच्या काकूंनी विचारलं, "लग्नाचा वाढदिवस का हो?" तेवढ्यात खालून खट्कन आवाज आला आणि बॉनेट बसलं. फट गायब! मी फोटो काढून लगेच साडूला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "छान. गम वाळेपर्यंत चोवीस तास बॉनेट उघडं ठेवलं होतं ना?" ट्यूबवर तसं लिहिलं होतं खरं, पण मुंगीच्या अक्षरात. ते कोण वाचतं?

दोन महिने संपल्यावर एका भर दुपारी नाना आणि सासूबाई परतले. हिला शेजारी बसवून मी ऐटीत स्टेशनवर गाडी घेऊन गेलो. नानांनी आधी गाडीलाच बघितलं. डावीकडे बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"इथली फट कुठे गेली?"

"बुजवली! स्वतःच्या हातानं!"

नानांनी तिसऱ्यांदा बोट फिरवलं. मला वाटलं, कौतुकानंच.

त्यांच्या दारात पोचल्यावर सासूबाईंनी पर्स उघडली आणि मग पायरीवर उलटीच केली. घराची किल्ली नव्हती! एवढ्यात मेव्हणीचा फोन आला. किल्ली तिच्याच घरी, खिळ्याला लटकत होती.

"घाबरायचं कारण नाही," नाना म्हणाले. "दुसरी किल्ली आहे. चोराच्या बापाला सापडणार नाही अशा जागी ठेवलीय." आणि ते शांतपणे गाडीकडे निघाले. "जावईबापू, बॉनेट उघडा."

मला एकदम आठवलं. ती काळी डबी!

आतली कळ ओढली. टक् आवाज झाला, बॉनेट हललं नाही. मी बोटं घातली, जातील कुठे? फट मीच बुजवलेली! पट्टी ओढली, पातळ सुरी घातली, शेजाऱ्यांकडून गरम पाणी आणून ओतलं. काही उपयोग नाही. किल्लीवाल्याला बोलावलं, तर त्यानं नानांच्या दाराचं कुलूप वाकून बघितलं, हात जोडले आणि सायकलवर बसून निघून गेला.

"मग कुलूप फोडू या का?" मी विचारलं.

"माझं कुलूप?" नाना असे ओरडले, की मी दोन पावलं मागे गेलो.

सासूबाई ट्रंकेवर बसून म्हणाल्या, "मला अंघोळ करायचीय. रात्रभर रेल्वेत बसून आलेय. कुणाला काही आहे का त्याचं?"

त्यात मेव्हणीनं हिच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि फोनमध्ये साडूचं तोंड उगवलं. "कॅमेरा जरा जवळ न्या हो," तो हळू आवाजात म्हणाला. हिनं लगेच नेला! घरचा भेदी, दुसरं काय! "गॅरेजवाल्याला बोलवा. गमला ऊब द्यावी लागेल."

म्हणजे मला माणूस बोलवावा लागला. गॅरेजवाला गरम हवेचं यंत्र घेऊन आला, तासभर गम वितळवत बसला आणि अखेर बॉनेट उघडलं. पट्टी निघाली, पण तिच्याबरोबर बोटभर रुंद रंगही निघाला, चारी बाजूंनी! डबीचं झाकण तर निघेचना. शेवटी हातोडीनं डबी फोडली तेव्हा किल्ली खाली पडली. सासूबाईंनी ती झडप घालून उचलली आणि मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

गॅरेजवाल्यानं डबीचे तुकडे काढून टाकले आणि बॉनेट नुसतं सोडून दिलं. खट्! कसं चपखल बसलं! डावी-उजवी अगदी सारखी. फट नावालाही नाही.

"डबीवर टेकत होतं, साहेब," तो म्हणाला. "म्हणूनच बघतो म्हटलं होतं."

नानांनी गाडीभोवती एक फेरी मारली, उडालेल्या रंगावरून बोट फिरवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, गाडी तुम्हीच ठेवा."

"खरंच, नाना?"

"खरंच. ह्या अवतारात थोरल्या जावयाला कुठल्या तोंडानं देऊ?"

तर गाडी शेवटी मलाच मिळाली! साडूला आवर्जून कळवणार होतो, पण ते काही जमलं नाही. हिनं तो व्हिडिओ कॉल बंदच केला नव्हता.