सरूमावशींची शाल

सरूमावशींना कुणी 'धन्यवाद' म्हटलं, की त्या पळी उगारतात. "आभार मानून पोट भरतं व्हय? ताट पुढं कर!"

भूमकडच्या आमच्या शाळेत त्या पोरांची खिचडी शिजवतात. त्यांच्यापुढं 'पुरे' म्हणायची सोय नाही. पुरे म्हणणाऱ्याच्या कपाळाला हात लावून त्या ताप बघतात आणि मग दुप्पट वाढतात. पुरावा म्हणून माझं पोट हजर आहे.

अशा बाईचा दिवाळीच्या सुट्टीआधी गुपचूप सत्कार करावा, ही अक्कल माझी. आठवडी बाजारातून शाल आणली, नारळ आणला. शाळेच्या शेवटच्या दिवशी व्हरांड्यात खुर्ची मांडून तिला झेंडूची माळ गुंडाळली. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर डोकावल्या, शालीकडं पाहिलं आणि आत जाऊन धाडकन कडी लावली.

"म्या न्हाय जाणार!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं शाल, नारळ आणि माळेची खुर्ची फक्त निवृत्तीला निघते. गेल्या वर्षी शिपाईमामांना अशीच शाल दिली, तर पुढं कित्येक दिवस मामा फाटकाबाहेर उभे राहून घंटा ऐकायचे.

मी दाराला तोंड लावलं. "मावशी, तुमची सेवा शाळा कधीच विसरणार नाही..."

मामांच्या निरोपाला हेच वाक्य मीच म्हटलं होतं. आत हुंदका फुटला. बाहेर पोरं रिकामी ताटं वाजवू लागली.

"सर, तुम्ही बोलूच नका," हेडबाई म्हणाल्या. मी बोललोच. "मावशी, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मटकीची उसळ ठेवायची का?"

कडी निघाली. "फराळ हादडून आलेल्या पोरांना मटकी? तुमाला मास्तर केलं कुणी? मुगाची पातळ खिचडी करायची!"

"करणार कोण?"

"मीच की!" मग हळूच, "म्हंजी... काढलं न्हाय मला?"

"तुम्हाला काढून आम्ही जेवायचं कुठं?"

माझा जीव भांड्यात पडला. शालही भांड्याकडंच गेली. खिचडी गरम राहावी म्हणून मावशींनी ती पातेल्याला गुंडाळली.

जेवून पोरं घरी पळाली, मी स्वयंपाकघराला कुलूप लावायला आलो, तर मावशी तिथंच.

"सर, सुट्टीत किल्ली माझ्याकडं राहू द्या."

"कशाला?"

"उसाच्या तोडीला गेलेल्यांची पोरं म्हाताऱ्यांजवळ गावातच हायत. त्यांना दोन घास घालते." मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "अन् घरी एकटीपुरतं शिजवता येत न्हाय मला. हात मोठाच पडतो. उरलेल्याकडं बघत बसावं लागतं."

मी किल्ली दिली. 'धन्यवाद' अगदी ओठावर आलं होतं, पण पळी त्यांच्या हातातच होती. दोनदा जेवलो होतो, तरी ताट उचललं आणि पुढं केलं.

मावशींनी माझ्या कपाळाला हात लावला नाही. गच्च वाढलं.