रहीमभाऊंचं हैदराबाद

रहीमभाऊंसमोर गावाचं नाव घ्यायची सोय नव्हती. "कोणतं?" हा प्रश्न आलाच समजा. धुळ्याच्या कचेरीत आमची टेबलं लागून, त्यामुळे वर्षानुवर्षं तो सगळ्यात जास्त मीच ऐकला.

कुणाचा भाचा लंडनला निघाला, की हे म्हणणार, "कोणतं? कॅनडात बी एक शे." बर्मिंगहॅम अमेरिकेतही निघालं. "नाव एक शे भाऊ, गाव नही," एवढं बोलून पान लावायला घ्यायचे. ही गावं कुठून गोळा केली, हे विचारायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

एकदा साहेबांनी पेढे वाटले. मुलीला सेलमचं स्थळ मिळालं होतं, अमेरिकेतलं. रहीमभाऊंनी पेढा तोंडात टाकला. "कोणतं सेलम? मद्रासकडं बी एक शे." साहेबांचा चेहराच उतरला. आठवडाभर ते मध्यस्थाच्या मागे लागले होते. सेलम अमेरिकेतलंच ठरलं, पण लग्नाची पत्रिका रहीमभाऊंना काही आली नाही.

मग मला ट्रेनिंगसाठी हैदराबादला धाडलं. त्यांना सांगितलं आणि 'कोणतं'ची वाट पाहत बसलो. रहीमभाऊ नुसतं म्हणाले, "परत कधी?"

परतलो त्या सकाळी बसच्या प्रवासानं अंग आंबून गेलं होतं. स्टँडवर रहीमभाऊ उभे. बॅग हातातून काढून घेत म्हणाले, "घरी चला. अम्माला भेटा."

"आज नको हो, रहीमभाऊ."

"पाच मिनिटं."

देवपूरकडे जाताना रिक्षात म्हणाले, "माझी बहीण हैदराबादला दिलेली शे. सिंधमधलं. इकडून जाता येत नाही, तिला येता येत नाही. अम्माला हैदराबाद एकच माहीत शे. दुसरं बी शे, हे मी कधी सांगितलं नाही."

अम्मा खाटेवर बसल्या होत्या. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं.

"अम्मा, ये हैदराबाद से आए हैं."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. "जुबेदा कैसी है?"

मी रहीमभाऊंकडे पाहिलं. ते खाली वाकून माझ्या बॅगेचा पट्टा सारखा करत होते.

"मजे में है, अम्मा."

"दुबली तो नहीं हुई?"

"नहीं, अम्मा. उलट थोडी जाडी हो गई."

अम्मा खुदकन हसल्या. "मेरे पे गई है."

चहा ठेवतो म्हणून रहीमभाऊ आत गेले. बराच वेळ स्टोव्हचा आवाज काही आला नाही.