मांजरीनं निवडलेले प्रोसेसर

ही गोष्ट तुम्हाला खोटी वाटणार. वाटू दे. खऱ्या गोष्टीला तेवढी ऐट असायचीच. परवा बायकोची धाकटी बहीण राहायला आली, तिला समोर बसवून मी ती अथपासून सांगितली. मेव्हणी कॉम्प्युटरचे क्लास घेते, तेव्हा म्हटलं, हिला तरी कदर असेल.

मी तेव्हा कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्या एका दुकानात कामाला होतो. शेठ मला गुरू मानायचे. ("हो, तुम्ही कामाला हात लावलात की लांबूनच हात जोडायचे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिकडे लक्ष देऊ नका.)

आता प्रोसेसरची गंमत अशी, की कारखानेवाले त्यातलं सिलिकॉन गुपचूप सुधारतात. नाव तेच, खोका तोच, आतला जीव मात्र नवा. या सुधारणेला धंद्यात स्टेपिंग म्हणतात. खूण काय, तर वरच्या धातूच्या झाकणावर कोरलेली मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. त्या खेपेचं जुनं स्टेपिंग भट्टीसारखं तापायचं आणि ऐन हिशेबात गोठायचं. आमचं गिऱ्हाईक होते पुलांचे आराखडे करणारे इंजिनियर. त्यांना फक्त नवं हवं होतं. "पूल अर्ध्यावर थांबून चालत नाही," म्हणाले.

शेठनी नव्याजुन्याची सरमिसळ झालेला ट्रे माझ्यापुढे ठेवला. "संध्याकाळी साहेब येताहेत. एक जरी जुना त्यांच्याकडे गेला, तर उद्यापासून तुम्ही घरी बसायचं."

"शेठ, डोळे मिटून निवडतो."

उघडे ठेवले असते तर बरं झालं असतं. अक्षरांवर तेलकट बोटांचे ठसे, काही केल्या वाचता येईनात. मग मी भांड्यांची तारेची घासणी घेतली आणि एकेक झाकण असं घासलं, असं घासलं, की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. नुसतं माझं तोंडच दिसत होतं. अक्षरं गेली होती.

शेठनी एक प्रोसेसर उचलला, उलटासुलटा केला आणि पांढरेफटक पडले. खुर्चीवर बसायला गेले, तर खुर्ची तिथं नव्हती.

"हे काय केलंत तुम्ही?" जमिनीवरून आवाज आला.

"वाचायला सोपं जावं म्हणून घासलं."

नोकरी गेल्याचं घरी कोणत्या तोंडानं सांगायचं? एकेक प्रोसेसर एकेका कॉम्प्युटरात बसवला, ओळीनं मांडले, सगळे चालू केले आणि कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात मांजर आली.

"कुणाची?" मेव्हणीनं विचारलं.

"दुकानाचीच. पगारावर नव्हती, एवढंच."

ती पहिल्या कॅबिनेटवर चढली, नाक मुरडलं, उतरली. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी अंग टाकून घुरघुरायला लागली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मांजरीला हवी ऊब, आणि ऊब जुन्यात. मी चिकटपट्ट्या लावत सुटलो. बसली, की जुना. उठली, की नवा.

पण असल्या बातम्या लपतात थोड्याच? आळीतली समस्त मांजरं दुकानात लोटली. जुन्यांवर जागा पुरेना. एका बोक्यानं तर आपल्या जागेवर रुमाल टाकून ठेवला.

इंजिनियर साहेब आले ते दारातच थिजले. मी ठणकावून सांगितलं, "ज्याच्यावर मांजर नाही, ते तुमचं." साहेब भीत भीत खुर्चीत टेकले. लगेच आमची मांजर उठली, त्यांच्या मांडीवर गेली आणि डोळे मिटून घुरघुरू लागली. मी काय करणार? नियम म्हणजे नियम. साहेबांनाही चिकटपट्टी लावली.

माल गेला, नोकरी राहिली. पुढं कारखान्याचे बडे साहेब विमानानं आले, आमच्या मांजरीला तपासणी खात्याची प्रमुख करायला.

मेव्हणी गालावर हात ठेवून बसली होती. मला वाटलं, थक्क झाली.

"भावजी, मांजर बसायची ती ऊब होती म्हणून ना?"

"मग."

"आणि ऊब यायला कॉम्प्युटर चालू लागतो."

"अर्थात. सगळे चालूच होते."

"अहो, चालू कॉम्प्युटरला विचारलं, की तो स्क्रीनवर स्वतःच सांगतो आपलं स्टेपिंग. एवढी हुशार मांजर, तिनं सांगितलं नाही होय तुम्हाला?"