परबकाकांचा काटा

निवडणूक जाहीर झाली की आमच्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस कपाळाला हात लावतो, तो म्हणजे परबकाका. पक्षाबिक्षाशी त्यांना काही देणंघेणं नाही. पण आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि काकांकडे त्यांच्या वडिलांची, अण्णांची, शिकारीची रायफल आहे, वर दुर्बीण बसवलेली. ती परत घरी आली की दुसऱ्या मिनिटाला आरोळी, "काटा हलला!"

काटा म्हणजे त्या दुर्बिणीतली नेम धरायची फुली. ती जुळवायला काका डोंबिवलीहून पार ठाणे शहरापुढच्या नेमबाजीच्या रेंजवर जातात आणि कागदावरची भोकं बघायला मला धरून नेतात.

"पण काका, जुळवायचा कशाला?"

"हरीण समोर आलं तर?"

"अहो, हरणाच्या शिकारीला बंदी आहे!"

"म्हणून काय काटा वाकडा ठेवायचा?"

आता बोला! आणि हा शिकारी घरातलं झुरळसुद्धा कागदावर घेऊन गॅलरीत सोडून येतो. काकी कपाळ बडवतात.

यंदा त्यांच्या मुलाने हट्टच धरला, "बाबा, कायमची जमा करून टाका. कोण सांभाळणार?" काका चक्क हो म्हणाले. फक्त एक अट, "आधी काटा जुळू दे. अण्णांची वस्तू वाकडी देणार नाही."

म्हणून परवा गेलेलो. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून काकांनी तीन गोळ्या झाडल्या. मी बघतो तर तिन्ही मधोमध! ओरडलोच, "काका, जुळला!"

"छे, हलला," म्हणत त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत दुर्बिणीवरची चकती फिरवली. पुढच्या तीन गोळ्या चार बोटं डावीकडे गेल्या. काकांचा चेहरा खुलला. "बघ! परत यावं लागणार."

मला राहवेना. "मुद्दाम बिघडवलात ना? का पण?"

गोळ्या संपलेल्या, तरी काकांनी रायफलच्या दस्त्यावरून गाल उचलला नव्हता. तिथलं लाकूड वापरून वापरून काळं, गुळगुळीत झालेलं.

"अण्णा फार कडक होते रे," ते तसेच वाकून म्हणाले. "कधी जवळ म्हणून घेतलं नाही. पण त्यांचा गाल इथेच टेकायचा."

वेळ संपली म्हणून रेंजवाला मागून खुणावत होता. मी त्याला हातानेच म्हटलं, जरा थांब.