एकाआड एक पायरी

जपूनरावांनी घरातला नवा जिना पुसून लख्ख केला आणि त्याच्या पायथ्याशी बसून ते घाबरू लागले. घाबरायला त्यांना एरवीही फारसं कारण लागत नसे. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला ते निम्म्या वाटेवरून परत येत, आणि आलोच आहोत तर म्हणून चार वेळा कुलूप ओढून बघत. ऑफिसात त्यांना हे नाव त्यावरूनच पडलं होतं आणि बायकोही रागावली की त्याच नावानं हाक मारायची. आजच्या भीतीला मात्र भक्कम आधार होता. जिना अस्सल ओकच्या लाकडाचा होता आणि तो सासरेबुवांनी स्वतःच्या हातांनी केला होता.

सासरेबुवांनी जन्मभर सुतारकाम केलं होतं आणि शेवटचं काम म्हणून लेकीला हा जिना करून दिला होता. लग्न झाल्यापासून ते जावयाशी थेट असं एकदाही बोलले नव्हते. जावई समोर बसलेला असला तरी ते लेकीकडे बघून विचारत, "तुझ्या नवऱ्याला विचार, चहात साखर चालते का." जिना बसवून झाल्यावरही ते तिलाच म्हणाले, "लाकूड उघडं ठेवू नका. त्याला वरून वार्निशबिर्निशचा हात द्यायचं काम तुझ्या नवऱ्याला करू दे. एकाआड एक पायरी करायची म्हणावं, म्हणजे मधल्या कोरड्या पायऱ्यांवरून जा-ये करता येते. एवढं तरी जमतंय का, बघू."

ही परीक्षा आहे हे न कळण्याइतके जपूनराव भोळे नव्हते. जिना देखणा व्हावा आणि सासरेबुवांनी एकदा, फक्त एकदा, आपल्याकडे बघून आपल्याला हाक मारावी, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणूनच दुकानात गेल्यावर त्यांना घाम फुटला.

"वार्निश घ्या. आरशासारखा चमकेल जिना," दुकानदार म्हणाला.

"पाय नाही ना घसरणार?"

"मोजे घालून पळालात तर घसरेल की!"

जपूनरावांना डोळ्यांसमोर सासूबाई घसरताना दिसल्या, त्यांना धरायला गेलेली बायको दिसली आणि त्या दोघींच्या पाठोपाठ आपणही दिसलो. "दुसरं काही?"

"पाण्यातलं लॅकर आहे. वास नाही, चटकन सुकतं."

"चटकन म्हणजे? मी ब्रश फिरवेपर्यंत सुकलं तर पट्टे उठतील ना?"

दुकानदारानं एक सुस्कारा सोडला. "मग हे तेल-मेण घ्या साहेब. फडक्यानं लावायचं, लाकडात मुरतं, फार चमकत नाही. कुठे बिघडलंच तर तेवढं घासून परत लावता येतं."

जपूनरावांचा जीव भांड्यात पडला. डबा पिशवीत घालता घालता दुकानदार म्हणाला, "फक्त ती फडकी तशीच गोळा करून टाकू नका हं. तेलाचं फडकं आपोआप तापतं. कधी कधी पेटही घेतं. पाण्यात बुडवून ठेवा."

झालं! भांड्यात पडलेला जीव पुन्हा टांगणीला लागला. डबा घरी आला आणि न उघडता कपाटात जाऊन बसला. रोज जपूनराव त्यावरच्या सूचना वाचत आणि रोज नवी धास्ती घेऊन झोपत. शेवटी एका सकाळी बायको म्हणाली, "आई-बाबा संध्याकाळी येताहेत. मी बाजारात जाऊन येते. तोवर जिना कर, नाहीतर बाबांना काय सांगायचं ते तूच ठरव."

बाबांना काही सांगण्यापेक्षा आग परवडली. जपूनरावांनी धूळ येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, ऊन लागू नये म्हणून पडदे ओढले, लाकडावर पायांचे डाग पडू नयेत म्हणून धुतलेले मोजे चढवले आणि त्या अंधारात कामाला लागले. एक पायरी तेल, एक पायरी कोरडी, असं करत ते वर सरकत गेले. काम इतकं सुरेख होत होतं की त्यांना त्याचीच भीती वाटू लागली. शेवटची पायरी पुसून ते वर पोचले आणि हातातलं फडकं त्यांना किंचित कोमट लागलं.

ते त्यांच्याच हातांच्या उबेनं कोमट झालं असेल, हा विचार दुसऱ्या कुणाला सुचला असता. जपूनराव धावत वरच्या बाथरूममध्ये गेले, त्यांनी दार लावलं, फडकं बादलीत बुडवलं आणि नळ सोडून धूर निघतोय का ते बघत बसले. धूर निघाला नाही. तरीही ते बसले, कारण अशा गोष्टी आपली पाठ वळली की होतात अशी त्यांची खात्री होती.

दरम्यान बायको बाजारातून परतली. बघते तर जिन्याच्या निम्म्या पायऱ्या तशाच! नवरा कुठे दिसेना. 'घाबरून अर्ध्यावर सोडलं वाटतं,' असं तिच्या मनात आलं आणि तिला त्याची कणव आली. बाबा काय म्हणतील ते तिला पाठ होतं. तिनं दुसरं फडकं घेतलं, कोरड्या पायऱ्यांवरून ती वर गेली आणि वरून खाली येत येत एकेक राहिलेली पायरी तिनं नीट तेल लावून पुसून काढली. बापाचा हात तिच्या हातात उतरला होता. कुठली पायरी कुणी केली, हे ओळखू येत नव्हतं.

नळाच्या आवाजात यातलं काहीही न ऐकलेले जपूनराव बाहेर आले आणि जिन्याच्या तोंडाशी थबकले.

"अगं, हे काय केलंस?"

"तू सोडलेल्या पायऱ्या केल्या. थँक्यू म्हण!"

"सोडलेल्या नव्हत्या, ठेवलेल्या होत्या! तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं ना, एकाआड एक! आता मी खाली कसा येऊ?"

बायकोनं जीभ चावली. "उद्यापर्यंत सुकेल रे. मी तुला दोरीनं जेवणाचा डबा पाठवते."

"आणि घराला आग लागली तर?"

"तुझ्याकडे बादली आहे," ती म्हणाली आणि हात धुवायला परसात गेली. तेवढ्यात दार ढकलून सासरेबुवा आत आले. संध्याकाळी यायचे ते दुपारीच आले होते. सासूबाई फाटकाशी शेजारणीशी बोलत राहिल्या होत्या आणि सासरेबुवांचा चष्मा त्यांच्या पर्समध्ये होता.

जपूनरावांची पाचावर धारण बसली. सासरेबुवांनी दाराशी बूट काढले, अंधारात डोळे बारीक करून जिन्याकडे पाहिलं आणि लेक दिसेना म्हणून हवेलाच विचारलं, "हिचा नवरा वर काय करतोय?"

"जिना ओला आहे," जपूनराव कसेबसे म्हणाले.

"एकाआड एक करायला सांगितलं होतं!" सासरेबुवा कठड्याला म्हणाले.

"तशाच केल्या, पण..."

"मग झालं तर. भ्यायचं काय त्यात? पहिली ओली, दुसरी कोरडी. शेंबडं पोरसुद्धा उतरेल."

"हो, पण ती..."

"पण नाही आणि बिण नाही!" असं म्हणून सासरेबुवांनी टांग टाकून दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. जपूनरावांनी 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं, पण त्या माणसाला थांबा म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती. सासरेबुवा एकेक पायरी सोडत, शिकवत शिकवत, ठामपणे वर आले आणि वरच्या फरशीवर पाय टेकताच त्यांचा मोजा चिकटला. त्यांनी वाकून तळपायाला हात लावला, बोटं नाकाशी नेली आणि मागे वळून पाहिलं.

इतकं जवळून चष्म्याशिवायही दिसत होतं. एकाआड एक पायरीवर ठळक पाऊल उमटलं होतं आणि डाव्या पायाच्या प्रत्येक ठशात, मोज्याच्या भोकातून बाहेर आलेला अंगठा गोल गरगरीत दिसत होता.

"अहो, आत काय करताय अंधारात?" खालून सासूबाईंचा आवाज आला. पडदा सर्रकन बाजूला झाला. "अगंबाई! हा सत्यानाश कुणी केला?"

जपूनरावांनी सासरेबुवांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते चकित झाले. ती भीती त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. रोज दाढी करताना आरशात ते तीच बघत. जावयाला काही जमत नाही असं धरून चालणारा माणूस, सासूबाईंनी टाकून द्या म्हणून बजावलेले मोजे घालून, स्वतःच्याच जिन्यावर चालून आला होता. आता बायकोच्या तोंडून हे त्याला मरेपर्यंत ऐकावं लागणार होतं.

सासरेबुवांनी जपूनरावांना दंडाला धरून भिंतीआड ओढलं. त्यांनी जावयाच्या डोळ्यांत पाहिलं.

"जावईबापू," ते कुजबुजले, "तुमचे मोजे काढा."

त्यांनी मोजे काढले. क्षणभरात अदलाबदल झाली आणि ते पाय चिकटवत, अंगठा बाहेर काढून, जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. "चुकलंच माझं, आई," ते म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडा खायला त्यांना भीती वाटली नाही.

परसातून आलेली लेक सासूबाईंच्या कानाशी लागली, "तो तर मघापासून वरच अडकलाय." सासूबाईंनी आपला चष्मा लावला. त्यांनी पावलांकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, मग जावयाच्या खांद्यामागून डोकावणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"पावलं तर सगळी वर चढलेली दिसताहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "उतरलेलं एकही नाही. आणि जावई म्हणे मघापासून वरच आहेत."

सासरेबुवांनी पटकन डोकं जावयाच्या पाठीमागे घेतलं.

"असो. जावई म्हणताहेत तर त्यांचंच चुकलं असेल. आता सुकलं की सगळं घासून परत करायला लागेल. एकट्याला नाही जमायचं. तुम्ही या हो त्यांच्या मदतीला."

त्या रात्री दोघांचाही डबा दोरीनंच वर गेला. सासरेबुवा पुढच्या रविवारी पुन्हा आले. कोरे मोजे होते, चष्मा नाकावर होता. दोघांनी मिळून पायऱ्या घासल्या, एकाआड एक पायरीला तेल लावलं आणि मधल्या पायऱ्यांवर खडूनं फुल्या मारल्या. काम झाल्यावर जपूनराव खाली उतरून चहा ठेवायला गेले. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन बघतात, तर सासरेबुवा अजून वरच्या फरशीवर, एक पाय हवेत धरून उभे.

"जावईबापू," त्यांनी खाली वाकून विचारलं, "या फुलीवर ठेवू ना पाय?"

जपूनरावांनी फुल्यांवरून वर जाऊन ती पायरी बोटानं चाचपून पाहिली. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा पाहिली.

"ठेवा, बाबा," ते म्हणाले. "पण जपून."