सातव्या नंबराची हाजिरी

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी टेंबेकरजी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाजिरी घेत. एक ते सात आकडे, आकड्यापुढे नाव, नावापुढे रेघ. रेघेवर आपण ‘हाजिर’ लिहायचं. ‘गुड मॉर्निंग’ चालत नसे, गुलाबाचं फूल चालत नसे. सप्रेंनी एकदा नुसता अंगठा पाठवला, तर उत्तर आलं, ‘अंगठा निरक्षरांचा. आप तो बी.कॉम. हो भिया.’

ग्रुपचं नाव ‘अपनी टोली’. आम्ही सात जण, सगळे सत्तरीपार, सगळे इंदूरचे. गप्पांचे विषय ठरलेले: गुडघे, सुना, आणि पोह्यांवर शेव आधी की जीरावन मसाला आधी. मी ॲडमिन आणि यादीत एक नंबर, कारण ग्रुप माझ्या नातीनं माझ्या फोनवर बनवून दिला होता. तेवढीच माझी योग्यता.

टेंबेकरजी परदेशीपुऱ्यातल्या एका कापडमिलमध्ये टाइमकीपर होते. मिल बंद पडून जमाना झाला, टाइमकीपर मात्र चालू राहिला. वहिनी गेल्या, मुलगी हैदराबादला, तेव्हा सगळं लक्ष आमच्यावर. त्यांचा एक नियम होता. ‘‘हाजिरी घेणाऱ्यानं स्वतःची हाजिरी लावायची नसते. वो तो चोरी है.’’ म्हणून सातवा नंबर, म्हणजे स्वतःचा, ते कोरा सोडत आणि तो भरायचं काम माझ्याकडे. मी लिहायचो, ‘७. टेंबेकर – हाजिर.’ लगेच खाली यायचं, ‘नोंद झाली.’ सात-दहाच्या पुढे एक मिनिट गेलं, तर ‘लेट मार्क.’

आठपर्यंत रेघ कोरी दिसली, की फोन. फोन उचलला नाही, की शेजाऱ्यांना फोन. मुळ्ये एकदा आंघोळ करत होते, तर चार माणसं बाथरूमचं दार ठोठावत उभी. शर्माजी वैतागून म्हणाले, ‘‘यार, ये आदमी है कि थाना?’’

मग इंदूरजवळच्या बेटमा गावातलं लग्न आलं. साडूच्या नातवाचं. गडबडीत माझा फोन घरीच चार्जिंगला राहिला. मांडवात अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लावलेला, आणि मागून आवाज आला, ‘‘एक नंबर! जिंदा हो?’’

टेंबेकरजी. डोक्यावर हेल्मेट. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी इंदूरहून स्कूटर हाणत आले होते. दचकून अर्ध्या मांडवानं अक्षता आधीच टाकून दिल्या. साडू माझ्याकडे असा बघत होता, जणू हे वऱ्हाडी मीच आणले. मी म्हटलं, ‘‘आता जेवून तरी जा.’’

‘‘नाही भिया. पाच जण खोळंबलेत, रिपोर्ट द्यायचाय.’’

आणि तिथूनच ग्रुपवर टाकलं, ‘१ नंबर हाजिर. मांडवात. हातात अक्षता.’ पुढचे चार दिवस टोळी माझ्यावर हसत होती.

इंदूरच्या मराठी मंडळींत अजून बोललं जातं, की त्यानंतर टेंबेकरजी रुसले आणि ग्रुप सोडून गेले. ही बातमी मी पसरवली. ती खोटी आहे, आणि माझे डोळे मिटायच्या आत ती मीच खोडलेली बरी. त्यांनी ग्रुप सोडला नाही. ‘अपनी टोली असली’ नावाचा नवा ग्रुप मी काढला, सहा जणांचा. जुन्या ग्रुपवर त्यांना एकट्याला ठेवून आम्ही दुसरीकडे संसार थाटला.

रेघा कोऱ्या का, हे विचारायला ते आले, तेव्हा मी म्हटलं, ‘‘मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी मोबाइल बंद केलाय.’’ बाकीच्यांना दुसरं काही सुचलं नाही. आठवड्याभरात आमच्या टोळीत सहा मोतीबिंदू झाले. टेंबेकरजी एवढंच म्हणाले, ‘‘ऐसा क्या? जपा डोळ्यांना.’’ दुसऱ्या दिवशी सहाही घरी गुलाबजलाची एकेक बाटली पोचती झाली.

याला आठ महिने झाले. मागच्या आठवड्यात फोन भरला म्हणून नको ते पुसायला बसलो आणि आवाज बंद करून दडवून ठेवलेला जुना ग्रुप उघडला गेला.

हाजिरी चालूच होती. रोज, सात-पाचला. फक्त आता आमच्या रेघा तेच भरत होते.

‘२. सप्रे – हाजिर. दारातला पेपर उचललेला होता.’

‘४. मुळ्ये – हाजिर. गच्चीवरच्या धोतरातून पाणी गळत होतं.’

‘५. शर्माजी – हाजिर. पूजा की घंटी बाहर तक आ रही थी.’

माझ्यापुढे होतं, ‘हाजिर. बाल्कनीत दाढी करत होते. हाक मारली नाही.’

म्हणजे हा माणूस रोज पहाटे स्कूटरवरून सहा घरं फिरत होता. एका रविवारी एकाच ओळीत सगळे आटोपले होते: ‘१ ते ६ – हाजिर. पोह्यांच्या दुकानावर. एकत्र. मोबाइल बघून हसत होते.’

त्या मोबाइलमध्ये काय होतं, ते मला आठवतं. नव्या ग्रुपवर मी टेंबेकरजींची नक्कल करून हाजिरी टाकली होती.

आणि रोज शेवटी, ‘७. टेंबेकर –’. पुढे रेघ. कोरी. आठ महिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. ते फेरी संपवून ओट्यावर बसले होते, एका बोटानं टाइप करत. माझ्या फोनवर यादी आली. मी शेवटची रेघ भरली.

‘७. टेंबेकर – हाजिर. ओट्यावर. चष्मा नाकावर.’

ओट्यावर फोन वाजला. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं. मान वर केली नाही. मग पुन्हा ते एक बोट हललं.

‘लेट मार्क.’

फाटक उघडावं की माघारी जावं, मला कळेना. तेवढ्यात आणखी एक ओळ आली.

‘१ नंबर हाजिर. फाटकाशी. मोतीबिंदू बरा झालेला दिसतो. आत या, चहा टाकतो.’