वायच पुढे सरका

आमच्या शेजारचे तात्या माशांना तिकिटं देतात. हसू नका, मी डोळ्यांनी पाहिलंय. पाऊस लागला की नदीचे मासे अंडी घालायला वरच्या अंगाला चढतात, आणि तात्या बंधाऱ्याच्या कडेला छत्री रोवून, मांडीवर वही घेऊन बसतात. मासा उसळी मारून वर गेला की एक रेघ. लहानखुरा असला तर अर्धी, कारण "हाफ तिकीट". उडी चुकून खाली पडला तर "उतरला, उतरला" म्हणत रेघ खोडणार.

तात्यांनी सारी हयात संगमेश्वर-देवरुख गाडीवर कंडक्टरकीत काढली. रिटायर झाले, पण बेल काही सुटली नाही. बंधाऱ्यावरच्या करंजाला त्यांनी घंटा टांगलीय, तिला दोरी बांधलीय. माशांची गर्दी झाली की ओरडतात, "वायच पुढे सरका, पुढे जागा हाय." सगळे चढले की दोरी दोनदा ओढून गाडी सोडायची डबल देतात आणि मगच घरी जेवायला येतात. काकू म्हणतात, "माझ्याशी एवढं बोलले असते तर संसार सोन्याचा झाला असता."

आमच्या गावाला मात्र चढणीचे मासे म्हणजे पर्वणी. हातभर लांबीची खडस, पोटात गच्च अंडी, नुसत्या वासाने माणूस चुलीपाशी येऊन बसतो. तात्या दारोदार सांगत फिरायचे, "पोटुशीला धरू नका रे. औंदा खाल, पुढल्या साली काय खाल?" लोक माना डोलवायचे आणि जाळी शिवायला घ्यायचे.

यंदा तर घोळच झाला. बंधाऱ्याच्या फळ्या पावसाआधी काढायच्या असतात, त्या तशाच राहिल्या. तात्या पंचायतीत विचारायला गेले तर उत्तर मिळालं, पुढच्या आठवड्यात बघू. मासे कुठले थांबायला? त्या दुपारी फळ्यांखाली खडसांची ही झुंबड उडाली. उसळायच्या, फळीवर आपटायच्या, खाली पडायच्या. आणि काठावर अर्धा गाव जाळी घेऊन हजर. खोटं कशाला बोलू, माझ्याही हातात जाळं होतं.

तात्या कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, तोंडात शिट्टी. मला पाहून त्यांनी ती तोंडातून काढली.

"मास्तर, तुमीसुद्धा?"

एवढंच म्हणाले आणि हातातली पहार माझ्यापुढे केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाळं टाकून पाण्यात उतरलो. फळी काही हलेना. शेवटी जाळीवाल्यांतलेच दोघे "म्हातारे वाहून जातील, चला रे" म्हणत आले, चौघांनी जोर लावला आणि फळी निघाली.

काय सांगू तुम्हाला! एकामागून एक खडस सूं करून वर. तात्या पाण्यातच नाचायला लागले. "पुढे सरका, लेकुरवाळीला जागा द्या." काठावरचे लोक जाळी विसरून मोजायला लागले, आणि कुणाचा आकडा खरा यावरून भांडायलाही. इतका आनंद मला माझ्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही झाला नव्हता.

हळूहळू गर्दी ओसरली. आम्ही दोघे काठावर करंजाखाली आलो. मी म्हटलं, "तात्या, सगळ्या चढल्या. द्या डबल."

त्यांनी दोरी धरली, पण ओढली नाही. खाली एक खडस राहिली होती. पोट जड. तीनदा उसळली, तीनदा पडली.

"मास्तर, एकदा गाडी गच्च भरलेली," ते हळू आवाजात म्हणाले. "फाट्यावर एक बाई उभी. दिवस भरलेले, देवरुखला दवाखान्यात जायचं होतं तिला. मीच दारातून बोललो, मागची गाडी रिकामी हाय. आणि डबल दिली." दोरी त्यांच्या मुठीतच होती. "मागची गाडी त्या दिवशी आलीच नाय. तिचं काय झालं, इचारायचा धीर झाला नाय मला. रिटायर होईपर्यंत रोज त्या फाट्यावर बघायचो."

घरातून काकूंची जेवायला हाक आली. खडस पुन्हा उसळली, पुन्हा पडली.

"दमलीय ती," तात्या म्हणाले. "बसा मास्तर. गाडी उभी हाय."